चित्राखालचा आवाज

४ मार्च, मंगळवार

अकरा महिन्यांनी वही उघडली. हिच्या ऑपरेशनच्या दिवशी शेवटचं लिहिलं होतं, "आत नेलं." त्यापुढे लिहायचं धाडस झालं नाही. आज लिहितोय, कारण भीती वाटतेय आणि ती सांगायला दुसरं कुणी नाही.

सकाळी दाढी करताना मनातल्या मनात हिचा आवाज काढून पाहिला. रोज पाहतो. "अहो, टॉवेल वाळत घाला," एवढं एकच वाक्य. आज शब्द आले, पण आले माझ्याच आवाजात. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा मीच. पस्तीस वर्षांचा संसार, आणि आवाज एका वर्षात पुसला जातो?

हिचं स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला छोटंसं छिद्र आहे, त्यातून श्वास घेते. पाटीवर लिहून बोलते, मला हाक मारायची तर टाळी वाजवते. बाकी तब्येत ठणठणीत. घरात आजारी तुम्हीच दिसता बाबा, असं लेक फोनवर म्हणते.

६ मार्च, गुरुवार

रुग्णालयात वाचा-उपचारांच्या बाईंकडे गेलो होतो. बाई कसल्या, वयाने आमच्या लेकीहून लहान. त्यांनी सांगितलं, आता जुन्या आवाजावरून नवा तयार करता येतो. ही टॅबवर लिहील आणि टॅब हिच्याच आवाजात बोलेल. त्यासाठी हिचं जुनं बोलणं हवं. पंधरा-वीस मिनिटं तरी. अट एकच, मध्ये दुसरं कुणी बोललेलं चालणार नाही.

"असं काही रेकॉर्डिंग आहे का, काका?"

"आहे म्हणजे काय! अकरा कॅसेटी आहेत," मी म्हटलं. लेक लहान असताना मी व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. तीन वर्षं खांद्यावरून उतरवला नाही.

बाईंनी हिला विचारलं, "काकू, पण तुम्हाला हवाय ना?" हिने पाटी उचलली. बाहेर रांग लागली होती आणि हिचं लिहिणं सावकाश, म्हणून मीच सांगून टाकलं, हवाय, हवाय. हिने पाटी पुसून पिशवीत ठेवली. बिचारी थकली असावी.

११ मार्च, मंगळवार

कॅसेटी माळ्यावरून उतरवल्या. त्यांना चालवणारं यंत्र मात्र घरात नाही. व्हीसीआर कुणाकडेच राहिलेला नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी त्याच्यावर फुलदाणी ठेवली आहे.

माझी नोकरी लिफ्ट तपासण्यात गेली. दोर तुटणारच आहे असं धरून चालायचं आणि तो का तुटला नाही ते शोधायचं, हा धंदा. त्यामुळे कुठलंही यंत्र दिसलं की मला आधी अपघात दिसतो. जुना व्हीसीआर कॅसेट खातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. रबरी रोलर चिकट झाला की फीत त्याला गुंडाळली जाते आणि आतल्या आत तिची सुतरफेणी होते. अकरा कॅसेटींना दुसरी प्रत नाही. एक गेली की गेली.

खालच्या मजल्यावरच्या शिक्षकांनी त्यांचा व्हीसीआर देऊ केला. घरी आणला, झाकण उघडलं, बेल्ट बोटाने ताणून पाहिला, बरा वाटला. उद्या एक कॅसेट लावायची. सगळ्यात कमी महत्त्वाची कुठली, हे ठरवण्यात दुपार गेली. हिला विचारणार होतो, पण म्हटलं तिला कशाला त्रास.

१२ मार्च, बुधवार

लिहायला हात चालत नाही.

कॅसेट लावली. फीत नीट फिरली. चित्र आलं. लेक पहिल्यांदा सायकल चालवतेय, ही मागून सीट धरून धावतेय, हिचं तोंड हलतंय. हिचं तोंड हलतंय आणि आवाज येतोय माझा. "येथे आपली कन्या आयुष्यातील प्रथम सायकलस्वारी करीत आहे. मागे धावणाऱ्या तिच्या मातोश्री."

मग आठवलं. सारं आठवलं. कॅमेरा विकायच्या आधीच्या उन्हाळ्यात मी डबिंगचं बटण असलेलं एक यंत्र महिनाभर आणलं होतं. चित्र तसंच ठेवून आवाज नवा भरता यायचा. रोज दुपारी माइक धरून बसायचो. अकराच्या अकरा कॅसेटींवर मी निवेदन भरलं. पाहुण्यांनी काय कौतुक केलं होतं! ही काय म्हणाली होती ते आठवत नाही. काही म्हणाली नसावी.

म्हणजे हिचा आवाज मी माझ्या हाताने पुसला.

ही स्वयंपाकघरातून टाळी वाजवत होती. मी टीव्ही बंद केला आणि "मशीन बिघडलंय" म्हणून ओरडलो. खोटं बोललो. ही दारात येऊन उभी राहिली, माझ्याकडे पाहिलं, काळ्या पडद्याकडे पाहिलं, आणि परत गेली.

१३ मार्च, गुरुवार

उरलेल्या दहाही थोड्या थोड्या लावून पाहिल्या. मी. मी. मी. घर बदललं त्या दिवसाच्या कॅसेटवर तर मी म्हणतो, "पुढील काही मिनिटे निरर्थक आहेत, प्रेक्षकांनी क्षमा करावी." आणि मग नुसती शांतता. खोक्यांचं चित्र आणि शांतता. ती ऐकवेना. बंद केली.

हिला सांगायला हवं. सांगत नाही. दिवसभर लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यासारखा घरात वावरतोय.

१७ मार्च, सोमवार

बाजारामागच्या गल्लीत एक दुरुस्तीवाला आहे. माझ्याच वयाचा. दुकानात उभं राहायला जागा नाही, सगळीकडे पोट फाडून ठेवलेली यंत्रं. गल्लीतले त्याला डॉक्टर म्हणतात. त्याच्यापाशी मात्र सगळं भडाभडा बोललो. तो स्क्रू चावत ऐकत होता. म्हणजे तोंडात धरून.

"साहेब, कॅमेरा कुठला होता?"

"मोठा होता. खांद्यावर घ्यायचा."

"हाय-फाय लिहिलेलं होतं का त्याच्यावर?"

बरंच काही लिहिलेलं होतं, पण त्यात हे होतं का, ते काही केल्या आठवेना.

"मग ऐका. आवाजाची पट्टी फितीच्या कडेला असते. बारीक. तुम्ही डबिंग केलंत ते त्या पट्टीवर. ती गेली. पण कॅमेरा हाय-फाय असला, तर तोच आवाज अजून एकदा लिहिला जातो. चित्राच्या खाली, खोलात. तिथे डबिंगचा हात पोचत नाही. साध्या व्हीसीआरला तो वाचता येत नाही, म्हणून तुम्हाला कडेचंच ऐकू येतं."

"म्हणजे हिचा आवाज आहे?"

"कॅमेरा हाय-फाय असला तर आहे. नसला तर नाही. हाय-फाय मशीनमध्ये घातल्याशिवाय देवालाही कळणार नाही."

त्याने माझी एक कॅसेट उजेडात धरली. फितीच्या कडेवर पांढरी बुरशी. म्हणाला, ह्या आता फार वेळा चालवू नका. साफ करून देतो, पण खरी चाल एकदाच. पहिल्या फेरीला जे मिळेल ते तुमचं. मी सहा दिवसांत किती वेळा मागे-पुढे केल्या, ते त्याला सांगितलं नाही.

२२ मार्च, शनिवार

कसलं यंत्र घ्यायचं, यावर चार दिवस डोकं फुटायची वेळ आली. दुरुस्तीवाल्याकडे हाय-फाय वाचणारी दोन आहेत. एक रुपेरी, देखणं, चित्र असं स्थिर देतं की कालच काढल्यासारखं वाटावं. मात्र फितीवर माग धरणारं ट्रॅकिंग जरा हललं की ते आपलं आपण हाय-फाय सोडून कडेच्या पट्टीवर जातं. दुसरं काळं, अवजड, एका कोपऱ्याला तडा गेलेलं. चित्र थोडं थरथरतं. पण आवाज कुठला ऐकायचा त्याचं वेगळं बटण आहे, आणि पुढे दोन काटे, आवाजाबरोबर हलणारे.

मी कागदावर दोन रकाने केले. रुपेरीचे गुण नऊ झाले. काळ्याचे सहा. तरी धीर होईना. रुपेरी घेतलं आणि त्याने ऐन वेळी दगा दिला तर? काळं घेतलं आणि लेकीचं बालपण आयुष्यभर थरथरत राहिलं तर?

हिला आज दुकानात घेऊन गेलो. जाताना बसमध्ये सगळं कबूल केलं. डबिंगचं. हिच्या चेहऱ्याकडे पाहायची छाती नव्हती, म्हणून समोरच्या माणसाच्या टोपीकडे पाहत बोललो. हिने पाटी काढली नाही. हे तिला नवीन नव्हतं, असं मला उगाचच वाटलं.

दुकानात मी दुरुस्तीवाल्याला माझे दोन्ही रकाने समजावून सांगत होतो. टाळी वाजली. हिने काळ्या यंत्रावर बोट ठेवलं होतं.

"अगं, पण चित्र..."

हिने लिहिलं, "चित्र कुणाला हवंय?"

दुरुस्तीवाला हसला. म्हणाला, "बाईसाहेबांना यंत्रातलं कळतं." मी म्हटलं, छे, हिला कुठलं कळतंय, हिने आपलं सहज बोट ठेवलं. घेतलं मात्र काळंच.

२३ मार्च, रविवार

यंत्र मेजावर आहे. चादर टाकलीय वर. कॅसेटी साफ होऊन यायच्यात. जेवताना दोघांचंही लक्ष त्या चादरीकडे. आपण कॅमेऱ्यावर काय वाचलं होतं, हे डोळे मिटून आठवायचा प्रयत्न करतो आणि दर वेळी वेगळी अक्षरं दिसतात.

२९ मार्च, शनिवार

दुरुस्तीवाला स्वतः घरी आला. आवाज थेट संगणकात उतरवायची तार त्याने जोडली. सायकलची कॅसेट घातली. काटे हलले.

"येथे आपली कन्या आयुष्यातील प्रथम..."

खुर्चीचा हात धरला. संपलं, असं बहुतेक मोठ्याने म्हणालो.

"थांबा हो साहेब, बटण फिरवायचंय अजून," दुरुस्तीवाला म्हणाला आणि त्याने ते फिरवलं.

आधी खरखर. मग वारा. मग सायकलची घंटा. आणि मग ही.

"पुढे बघ, पुढे, मी धरलं..."

एवढंच. पण ही! हाच तो आवाज, थोडा घोगरा, वाक्याच्या शेवटी वर जाणारा. तो वर जातो, हेच मी विसरलो होतो. मी रडलो, अगदी हमसून, परक्या माणसासमोर. हिने गळ्यापाशी हात नेला आणि तिथेच ठेवला.

तेवढ्यात यंत्रातून आलं, "अगं, तशी नको धरूस! सोड! बाजूला हो, मी सांगतो तिला." तो मी. कॅमेऱ्यामागून.

३१ मार्च, सोमवार

नऊ कॅसेटी उतरल्या. वरचं निवेदन काढलं आणि खाली पुन्हा मीच निघालो. ही बोलायला लागते, "त्या दिवशी ना..." आणि मी, "अगं, त्या दिवशी नाही, मंगळवारी." लेक विचारते, "आई, हे कसलं फूल?" उत्तर मी देतो, तेही चुकीचं. आज ते चूक असल्याचं हिने पाटीवर लिहून दाखवलं.

कॅमेऱ्याचा माइक माझ्या तोंडाजवळ होता, त्यामुळे माझं जास्त आलं असणार. तांत्रिक बाब आहे. असं मी दुरुस्तीवाल्याला फोनवर म्हटलं. तो म्हणाला, "असेल साहेब."

घड्याळ लावून मोजलं. हिचं एकटीचं, सलग, मध्ये माझा शब्द नसलेलं: तीन मिनिटं चाळीस सेकंद. त्यातलं एक मिनिट ही लेकीला अंगाई म्हणतेय, बाईंना गाणं चालणार नाही. पंधरा मिनिटं हवीत. दोन कॅसेटी उरल्या आहेत.

२ एप्रिल, बुधवार

दहावीत अकरा सेकंद.

अकरावी घर बदलल्याची. खोकी, गुंडाळलेल्या गाद्या, मी ट्रकवाल्याला सूचना देतोय. मग कॅमेरा खोक्यावर ठेवल्याचा धक्का. मी जिन्यावरून खाली जातो. माझा आवाज लहान होत होत जातो. जिथे मी "निरर्थक" म्हणून शांतता भरली होती, ती हीच जागा.

आणि तिथे ही बोलत होती. हिची बहीण मदतीला आली होती, तिच्याशी. भांडी कागदात गुंडाळता गुंडाळता. एकोणीस मिनिटं! काटे असे नाचत होते की मी त्यांच्याकडेच बघत बसलो. ही जोरात बोलते, हसवते, माणसांच्या नकला करते, हे मला माहीतच नव्हतं. माझीही नक्कल केली. मी लिफ्टमध्ये शिरल्यावर आधी छताकडे, मग दाराकडे आणि शेवटी बायकोकडे संशयाने कसा बघतो, ती. मेहुणी हसून हसून खोकायला लागली. हुबेहूब होती. मलाही हसू आलं असतं, पण पुढचं ऐकून ते जिरलं.

"तुला एक सांगू? ह्यांना सांगू नकोस हं. मागच्या महिन्यात मी ह्यांना न सांगता एक गोष्ट केली. बसस्थानकावर गेले एकटी. तिथे आत काचेची खोली आहे बघ. त्यातल्या गृहस्थांनी मला बसायला सांगितलं, दार लावून घेतलं. म्हणाले, बोला. मी म्हटलं, काय बोलू? तर ते जवळ आले आणि..."

जिना धडधडला. "अरेच्चा! हा चालूच राहिलाय की! अख्खी कॅसेट वाया!" खट्. काळं.

ही शेजारीच होती. "पुढे काय झालं?" मी विचारलं. "कोण होता तो? कशाला गेली होतीस तू तिथे?"

हिने लिहिलं, "आवाज आला की सांगते."

३ एप्रिल, गुरुवार

मेहुणीला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून हळूच विषय काढला.

"भाऊजी, ताईने सांगू नकोस म्हटलं होतं."

"अगं, एकतीस वर्षं झाली त्याला!"

"मग? एकतीस वर्षं पोटात राहिलंय, आता अजून थोडं राहील." आणि फोन ठेवला. ठेवताना हसत होती की काय, कळलं नाही.

५ एप्रिल, शनिवार

बाईंनी सगळं ऐकलं. एकोणीस मिनिटांतलं मेहुणीचं बोलणं-हसणं कापलं तरी पंधरा उरतात म्हणाल्या, उत्तम आहे. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी एक कागद पुढे केला आणि विचारलं, "काकू, शेवटचं विचारते. हा आवाज तुम्हाला हवाय का?"

माझं तोंड उघडलेलं होतं. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. मी मिटलं.

हिने लिहायला घेतलं. भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं गेली. एवढं काय लिहायचंय? हो किंवा नाही. आणि नाही म्हणाली तर? मी तिच्यासाठी एवढा जिवाचा आटापिटा केला, आणि मला कधी सुचलंच नाही की ही नाही म्हणू शकते. हिने पाटी बाईंना दाखवली, मला नाही. बाईंनी वाचलं, दोनदा मान हलवली आणि कागद हिच्याकडे सरकवला. हिने सही केली.

तीन आठवडे लागतील.

१९ एप्रिल, शनिवार

बसस्थानकावर जाऊन आलो. काचेची खोली अजून आहे. आत आता झाडू आणि बादल्या ठेवतात. अर्धा तास बाकावर बसलो. कुणाला काय विचारणार? घरी आल्यावर हिने विचारलं, कुठे गेला होतात. म्हटलं, फिरायला. ही बराच वेळ माझ्या बुटांकडे बघत होती.

आधी भीती वाटायची की हिचा आवाज मिळणार नाही. आता भीती वाटते की मिळणार. एवढ्या वर्षांचं साठलेलं कुठल्या वाक्याने सुरू होईल?

३० एप्रिल, बुधवार

टॅब मिळाला. बाई म्हणाल्या, इथेच बोलून बघा. हिने मान हलवली, घरी.

घरी आलो. हिने चहा केला, टेबल पुसलं, टॅब समोर ठेवला, चष्मा घातला. माझ्याकडे पाठ करून टाइप करत होती. मी डोकावलो नाही. पंखा लावायला उठलो आणि न लावताच बसलो, कारण आवाजात आवाज मिसळायला नको.

मग ती बोलली. थोडी सपाट, पण तीच. वाक्याच्या शेवटी वर जाणारी.

"तर ते जवळ आले आणि त्यांनी माझ्यापुढे माइक सरकवला. घोषणा करायला बाई हवी होती त्यांना. मी वाचलं, सात नंबरची गाडी दोन नंबरच्या फलाटावर लागत आहे. काचेतून बघितलं, तर सगळी माणसं उठली आणि दोन नंबरकडे निघाली. म्हातारी माणसं, पोरं, सामान घेऊन. माझ्या शब्दावर एवढी माणसं हललेली मी पहिल्यांदाच पाहत होते. ते म्हणाले, सोमवारपासून या."

मी काहीतरी बोलणार होतो. हिने तळहात वर केला. बोटं पुन्हा चालू लागली. मी थांबलो. हिचा श्वास गळ्यातून ऐकू येत होता.

"मी धावत घरी आले, आधी तुम्हाला सांगायला. तुम्ही बोलत होतात. मी दारात उभी राहिले. तुमचं संपेना. मग म्हटलं, उद्या सांगू. उद्याही तुम्ही बोलत होतात. असा सोमवार आला आणि गेला."

टॅब गप्प झाला. हिने चष्मा काढला आणि माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. माझ्या बोलण्याची वाट बघत असावी.

दुपारपासून आठवतोय. त्या दिवशी मी इतका वेळ काय बोलत होतो, ते मला काही केल्या आठवत नाही.